हजेरी नावाचं पाखरू

एका पाखराला मी खोटं नाव चिकटवलं. तेही सरकारी कागदावर, टाइप करून, खाली साहेबांची सही घेऊन. पासष्टी ओलांडल्यावर हे कबूल करायला आता काही वाटत नाही. साहेब कधीच निवृत्त झाले, कागद पिवळा पडला, आणि पाखरू तर तेव्हाही वाचत नव्हतं. पण गेल्या महिन्यात नात मोबाइलवरचा फोटो दाखवत म्हणाली, “आजी, हे बघ, ह्याला आपल्याकडे रत्नमाला म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“लोक म्हणतात. कॉलेजात एक जुनी पुस्तिका आहे, तिच्यात दिलंय.”

लोक म्हणजे मीच की! बावीस वर्षांची, दोन वेण्या घातलेली, डोळे ठणठणीत असताना रुबाबासाठी बिननंबरचा चष्मा लावणारी एकटी मी. त्या पोरीला आज रस्त्यात गाठलं असतं तर आधी तिचा चष्मा काढून घेतला असता आणि मग दोन शब्द सुनावले असते. ते जमण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

पाखरू म्हणजे पतंगाच्या जातीचं. पण दिव्याभोवती गरगरणाऱ्या मातकट पतंगांचं हे भावंड असेल असं कुणाला वाटणार नाही, कारण हे दिवसा उडतं आणि नटून उडतं. बोटाच्या पेराएवढं. पंख दुधाळ पांढरे, त्यांवर ओळीनं काळे ठिपके, आणि काळ्यांच्या मधल्या जागेत तांबडे. हिरवळीच्या खतासाठी पेरतात त्या बोरूच्या पिवळ्या फुलांवर दिसतं, नाहीतर आटलेल्या तळ्यात जे भुईसरपट, खरखरीत रान उगवतं त्यात. पाय पडला की उठतं, चार हात उडतं आणि परत बसतं. त्याला लांब जायचंच नसतं.

ज्या साली पाणी नव्हतं त्या साली हे पाखरू फार होतं. बहात्तरचा दुष्काळ. आमचं गाव नायगावपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. गावाच्या शिवारात पाझर तलावाचं काम निघालं होतं. मी बारा वर्षांची. माय आणि बाप दोघंही कामावर, आणि शाळा सुटली की मीही. खरं सांगायचं तर शाळा सुटायची वाट मी फारशी पाहत नव्हते.

आमची वस्ती गावाच्या कडेला, धम्म घेतलेल्या लोकांची. गावात शेतीवाल्यांची घरं. एरवी त्या घरच्या लेकीसुना आमच्या बायकांच्या खांद्याला खांदा लावून मातीत उभ्या राहिल्या नसत्या. त्या वर्षी सगळ्याच एका खड्ड्यात उतरल्या. पाण्याचे रांजण तेवढे दोन होते, एक त्यांचा आणि एक आमचा, आणि दोन्ही दुपारपर्यंत कोरडे.

कामावर जोडी लागायची. एकीनं टोपलं भरायचं, दुसरीनं उचलून भरावावर नेऊन टाकायचं. माझ्या मायच्या जोडीला आली ती गावातल्या शेतकऱ्याघरची सून. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि तोंड असं की मुकादमानं एक बोललं तर हिचं चार तयार. तिची आठ वर्षांची लेक माझ्याबरोबर खडे खेळायची आणि हरली की रडायची. पहिले चार दिवस माय आणि ती एकमेकींशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी टोपलं उचलताना ती म्हणाली, “अगं भर की निस्तं! माती हाय, सोनं न्हाई मोजून द्यायला.” माय म्हणाली, “तुज्या कमरेकडं बघून भरून राहिले मी.” ती पोटुशी होती. त्या दिवसापासून दोघींचं तोंड मिटलं नाही.

मुकादम सकाळी मस्टर उघडायचा. लांबरुंद पांढरा कागद, रेघा मारलेला. तो नाव पुकारायचा, “हाय” असं उत्तर आलं की काळ्या शाईचा ठिपका द्यायचा, नाही आलं की तांबड्या शाईचा. बायकांना अक्षर येत नव्हतं. पण दुरून, उलट्या बाजूनंही त्यांना तो कागद वाचता यायचा.

एका दुपारी ते पाखरू मायच्या दंडावर येऊन बसलं. माय म्हणाली, “अगं बघा, मस्टर आलं उडत.”

जोडीदारणीनं वाकून पंख न्याहाळले. “मस्टर नको म्हनू. मस्टर मुकादमाचं. ही आपली हजेरी.”

झालं, नाव पडलं. तोवर कुणी त्याला सटवीचं पाखरू म्हणे, कुणी नुसतंच ठिपक्याचं. आठ दिवसांत सगळा तलाव हजेरी म्हणायला लागला. गावातल्याही आणि वस्तीतल्याही. कोणत्या रांजणाचं पाणी पिणारीनं ते नाव ठेवलं हे नाव घेताना कुणी विचारलं नाही.

नावाबरोबर एक रीतही आली. ती कुणी बसून ठरवली नाही. हजेरी उडाली की जिच्या नजरेला पडेल तिनं विचारायचं, “हजेरी आली गं. आज कोन न्हाई?” मग जिला ठाऊक असेल तिनं न आलेलीचं नाव घ्यायचं. आणि जिनं नाव घेतलं तिनंच दिवस मावळायच्या आत तिच्या घरी जाऊन यायचं. कामावर सुकडी, म्हणजे सरकारी कोरडा खाऊ, मिळायची, त्यातली मूठभर फडक्यात बांधून न्यायची, ताप असेल तर कपाळाला हात लावायचा, पोराला घटकाभर घ्यायचं आणि परत यायचं.

मुकादमाच्या कागदावर तांबडा ठिपका पडला की ती बाई त्या दिवसापुरती नसल्यात जमा. पाखराच्या पंखावर तो काळ्याच्या शेजारीच होता, तेवढाच ठसठशीत. बायकांना तेच भावलं असावं असं मला आता वाटतं. तेव्हा मला एवढंच वाटायचं की ह्यात आपला ठिपका कोणता ते कळायला पाहिजे. मी मायला विचारलंही.

“आजचा काळा,” माय म्हणाली. “उद्याचं मला काय इचारतीस?”

ह्या रीतीचा मी जेवढा गैरफायदा घेतला तेवढा कुणी घेतला नसेल. पाखरू नसतानाच ओरडायचं, “हजेरी आली!” म्हणजे सगळ्या बायका टोपली टेकवून दोन क्षण उभ्या राहायच्या, आणि मी काहीतरी मोठं काम केल्यासारखी कमरेवर हात ठेवून बघायची. एकदा असंच कुणीतरी विचारलं, “कोन न्हाई आज?” मी म्हटलं, “मुकादमाची अक्कल न्हाई.” बायका हसून हसून खाली बसल्या. मायनं पाठीत धपाटा घातला. “नाव घेतलंस न्हवं? आता सांच्याला जा तिला हुडकायला त्याच्या घरी!”

मग एक दिवस जोडीदारीण आली नाही. हजेरी उठली तीही नेमकी मायच्या पायाखालून. मायनं तिचं नाव घेतलं. संध्याकाळी सुकडीचं फडकं पदराखाली धरून ती गावात निघाली, मी मागं. तिच्या गल्लीच्या कोपऱ्यावर, लिंबाच्या पारावर चार माणसं बसली होती. त्यांनी नुसतं पाहिलं, आधी मायकडं आणि मग तिच्या पदराकडं. वस्तीतल्या बाईनं खायचं घेऊन त्या गल्लीत शिरायचं म्हणजे काय, ते त्या बघण्यात सगळं होतं. माय थोडा वेळ उभी राहिली आणि माघारी फिरली.

“येईलच की उद्या कामावर,” ती म्हणाली. मला म्हणाली की स्वतःला, कोण जाणे.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी मुकादमानं तिच्या नावावर आडवी रेघ ओढली. ती गेली तेव्हा अंगात ताप होता, पोटात सातवा महिना होता आणि घरातली सगळी माणसं कामावर होती, एवढंच आम्हाला कळलं. दुपारी पाणी द्यायलाही कुणी नव्हतं म्हणतात. फडक्यातली सुकडी मायनं दोन दिवस तशीच ठेवली होती. मग कोंबड्यांना टाकली.

दुष्काळ सरला, तलाव बांधून झाला, पहिल्या चांगल्या पावसात भरलाही. त्या घरात नवी बायको आली. गावातल्या बायका आपापल्या शेतात गेल्या, आमच्या बायका त्यांच्या शेतात मजुरीला गेल्या आणि रांजण मुळात दोन होते ते दोनच राहिले. हजेरी हे नाव मात्र आमच्या वस्तीत टिकलं. बोरूतून पाखरू उठलं की माय हातातलं खुरपं थांबवायची, स्वतःच विचारायची, “आज कोन न्हाई?” आणि स्वतःच तिचं नाव घ्यायची. वर्षानुवर्षं एकच नाव. दुसरं कुणी ते घेत नव्हतं.

दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या टेबलांना वार्निशचा वास आणि टायपिस्टचा तुटवडा. मी नांदेडला टायपिंग शिकले होते. वस्तीतली पहिली नोकरदार पोरगी म्हणून बापानं गल्लीत पेढे वाटले, आणि मी लातुरात एका खोलीत दुसऱ्या एका नोकरदार बाईबरोबर राहायला लागले. महिन्याभरात माझी भाषा बदलली. ‘न्हाई’चं ‘नाही’ झालं, मग ‘नाही हो’ झालं. ‘हो’ला आम्ही ‘हाव’ म्हणतो, ते तर मी जिभेवरून खरवडून काढलं. चष्मा तेव्हाच घेतला.

कचेरी कुठली ते सांगत नाही, तिचा ह्यात काही दोष नाही. आमचे साहेब पुण्याकडचे, किडामुंगीचे वेडे. नव्या जिल्ह्यातल्या पहिल्या शेतकरी मेळाव्यात त्यांना पिकांवरच्या किड्यांच्या काचेच्या पेट्या मांडायच्या होत्या. प्रत्येकाखाली एक कार्ड, कार्डावर शास्त्रीय नाव, पीक आणि ‘स्थानिक नाव’. ते सगळ्यांना म्हणाले, “आपापल्या गावाहून आणा. आणि लोक काय म्हणतात तेच नाव आणा, हं. पुस्तकातलं मला येतं.”

मी घरी गेल्यावर सहज बोलले. मायनं दोन दिवस बोरू धुंडाळला. तिसऱ्या दिवशी काडेपेटी माझ्या हातात ठेवली. आत हजेरी, पंख मिटलेली.

“हजेरी म्हून लिव्ह,” माय म्हणाली. “ठळक लिव्ह. माज्या जोडीदारनीचा काय फोटू न्हाई, कुठं नाव न्हाई. घरातबी आता तिचं नाव कुनी काढत न्हाई. निदान तिनं ठिवलेलं नाव तरी कागदावर असू दे. मी येनार हाय बघायला.”

“लिहिते गं माय,” मी म्हटलं. शपथसुद्धा घेतली.

आणि टाइपरायटरसमोर बसल्यावर माझी बोटं थांबली. हजेरी लिहिलं की साहेब विचारणार, का बरं? मग मस्टर आलं. मस्टर आलं की तलाव आला, टोपलं आलं, टोपलं डोक्यावर घेतलेली माझी माय आली. शेजारच्या टेबलावरचा कारकून कान टवकारणार. कचेरीत मी ‘नांदेडच्या मॅडम’ होते. समोर खिडकीत दुपारच्या सुट्टीत विकत आणलेला माझा बांगड्यांचा डबा होता, त्यावर सोनेरी अक्षरात नक्षीचं नाव होतं, रत्नमाला. मी स्थानिक नावाच्या पुढं ते टाइप केलं. एवढ्या झटकन केलं की एक अक्षरही चुकलं नाही. एरवी माझ्या ओळीत चार चुका असायच्या.

साहेब खूश झाले. “वा! गावचे लोक किती रसिक असतात!”

मला वाटलं, मायला कुठं वाचता येतं? हा माझा खरा मूर्खपणा. नाव खोटं लिहिणं ही त्यापुढं किरकोळ गोष्ट.

मेळाव्याला माय एस.टी.नं आली, सोबत वस्तीतल्या दोघी जणी. तिघींनी नवी लुगडी नेसली होती. माय दुसरं काहीच बघायला थांबली नाही, थेट पेट्यांपाशी आली आणि ठिपक्यांसमोर उभी राहिली.

“काय लिवलंय गं?”

“हजेरी,” मी म्हटलं.

तिनं काचेवर हात ठेवला. सोबतच्या दोघींना म्हणाली, “बघा. लिवलंय.” त्या दोघीही वाकून, डोळे बारीक करून, येत नसलेलं अक्षर वाचायला लागल्या. मी चष्मा पुसत बसले.

तेवढ्यात साहेब आले. “ह्या तुमच्या आई का? या, या! ही रत्नमाला तुम्हीच आणलीत ना? काय सुंदर नाव ठेवलंय तुमच्या गावानं. मी पुस्तिकेतसुद्धा घातलंय.”

सोबतची एक जण म्हणाली, “अगं बया, रत्नमाला कोन?” मायचं कोपर तिच्या बरगडीत गेलेलं मी पाहिलं. मग मायनं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती साहेबांकडं वळली, पदर सावरला आणि म्हणाली, “हाव साहेब. लई जुनं नाव हाय आमच्याकडचं.”

साहेबांनी वहीत तेही टिपून घेतलं.

स्टँडवर मी तिघींना चहा पाजला. मी बरंच बोलले. म्हटलं, कचेरीत असं चालत नाही, तसं चालत नाही, त्या लोकांना मस्टर काय कळणार. माय बशीत फुंकर घालत राहिली. गाडी लागल्यावर चढताना एवढंच म्हणाली, “ऊन लागंल, जा.”

आठ दिवस मला कशात गोडी वाटली नाही. खोलीवरची बाई म्हणाली, “तू हल्ली पुन्हा ‘न्हाई’ म्हणायला लागलीस.” नवव्या दिवशी मी साहेबांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तलाव, टोपलं, मुकादमाची शाई, मायची जोडीदारीण, लिंबाचा पार. कारकून कान टवकारून ऐकत होता. ऐकू दे म्हटलं. चष्मा मी आधीच पर्समध्ये टाकला होता.

साहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, “पुस्तिका छापून आली हो. गठ्ठे तालुक्याला गेलेसुद्धा. त्याला आता इलाज नाही. पण कार्ड आपल्या कपाटात आहे.” आणि मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, “मी तुम्हाला लोक काय म्हणतात ते विचारलं होतं. तुम्ही मला बांगड्या काय म्हणतात ते सांगितलंत.”

त्यांनी पेटीची किल्ली दिली. मी कार्ड काढलं, रत्नमालावर रेघ ओढली आणि खाली शाईनं, ठळक, हजेरी लिहिलं. पुढं ती पेटी कुठं गेली मला माहीत नाही. पुस्तिका मात्र टिकली. नातीच्या कॉलेजापर्यंत पोचली. मी त्या पोरीला परवा सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आजी, तू खोटारडी आहेस!” मी म्हटलं, हाव. लई जुनी.

तर, कार्ड बदललं त्याच शनिवारी मी गावी गेले होते. माय चुलीपुढं भाकरी थापत होती. मी दारातूनच सांगायला सुरुवात केली. साहेबांना कसं सांगितलं, कारकुनासमोर कसं सांगितलं, रेघ कशी ओढली, अक्षर किती मोठं काढलं. एखादा गड जिंकून आल्यासारखी मी सांगत होते आणि ती आता मान वर करेल, मग करेल, असं बघत होते. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, कड दाबून बघितली, चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली,

“लिवलंस, बरं केलंस. पर कारड काय उठून जातंय व्हय कुनाच्या घरी? तुज्यासंगं खडे खेळायची ती तिची लेक देगलूरला दिलीय. म्हैना होत आला बाळंत होऊन, माहेरचं एक मानूस फिरकलं न्हाई तिच्याकडं. मेथ्याचे लाडू बांधून ठिवलेत, डबा त्या कोनाड्यात हाय. दारातनं देऊन पळू नको, आत जाऊन बस तिच्याजवळ. सकाळी सातची गाडी हाय.”